मध्यस्थ

घोडीची दुसरी लाथ फळीवर बसली आणि फळी उडून थोरल्याच्या नडगीवर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो ओरडला नाही. समोर धाकटा भाऊ उभा होता. त्याच्यापुढे ओरडायचं म्हणजे त्याला आयती मेजवानी.

कुंपणापलीकडे धाकट्याचं तट्टू नाक फेंदारून उभं होतं. त्याला सगळे मध्यस्थ म्हणत. घोडी माजावर आहे की नाही ते आधी पारखायचं, एवढंच त्याचं काम. भारी घोड्याला लाथ बसून तो जायबंदी व्हायला नको, म्हणून लाथा खायला हा पुढे. घोडी शेपूट उचलून शांत उभी राहिली, की मध्यस्थाला ओढत बाजूला न्यायचं आणि खऱ्या नवऱ्याला आणायचं. जन्मभर त्याने दुसऱ्यांची लग्नं जुळवली, स्वतः मात्र कोरडाच राहिला.

आजचा खरा नवरा फाटकाबाहेर गाडीत उभा होता. उंच, काळाभोर, शर्यतीच्या घराण्यातला. त्याला दारात आणायला थोरल्याने दोन हंगाम लोकांच्या हातापाया पडून काढले होते. आज काम झालं नाही तर गाडी पुढे जाणार, आणि पुन्हा इकडे फिरकणार नव्हती. वडिलांनी जन्मभर तट्टं पैदा केली. थोरल्याला त्याची लाज वाटायची. या घोडीला एकदा शर्यतीचं शिंगरू झालं की आपल्याला कुणी तट्टूवाले म्हणणार नाही, असं त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवून ठेवलं होतं.

घोडीने कान मागे पाडले, दात दाखवले आणि पुन्हा दुगाण्या झाडल्या.

ही काही माजावर नाही, असं म्हणून घोडेवाल्याने गाडीच्या दाराची कडी परत लावली.

थोरल्याचा विश्वासच बसेना. तट्टांची गोष्ट वेगळी. ती आळशी जात. दिवस चांगले मोठे झाल्याशिवाय त्यांच्या माद्या जाग्या होत नाहीत, आणि एकदा माजावर आल्या की लवकर उतरत नाहीत. या मोठ्या जातीच्या घोडीला मात्र लवकर जागं करता येतं. म्हणून थंडीभर त्याने तिच्या ठाणावर मोठा दिवा जाळला, दिवस मोठा झालाय असं तिला वाटावं म्हणून. दिवा लागू पडला. घोडी माजावर आली. तेव्हा घोडा मिळाला नाही, म्हणून ती खेप त्याने मोकळी जाऊ दिली आणि पुढच्या खेपेचा दिवस धरून ही गाडी बोलावली. हिशेब चुकायला जागाच नव्हती.

मग राहिला धाकटा.

वाटणी झाल्यापासून दोघांच्या अंगणांच्या मध्ये मातीचा बांध होता, आणि बोलचाल जवळजवळ बंद. दिव्याचा उजेड आमच्या तट्टाच्या डोळ्यांवर येतो, म्हणून धाकट्याची बायको एकदा तक्रार घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी थोरल्याने दिवा मुद्दाम त्यांच्या बाजूला वळवला. धाकट्याने बांधावर लीद आणून टाकली. थोरल्याने त्या लिदीवर माती ओतली. आज मध्यस्थाची गरज पडली तेव्हासुद्धा त्याने स्वतः तोंड उघडलं नव्हतं, बायकोला पाठवलं होतं.

आता मात्र तोंड उघडलं. "तूच काहीतरी केलंस. तुला माझं शिंगरू बघवणार नाही."

"मला तुझं तोंड बघवत नाही," धाकटा म्हणाला, "शिंगराचं पुढे बघू."

दोघे एकमेकांच्या अंगावर जाणार तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना मागे सारलं. त्या आजच्या कामासाठी सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आल्याच होत्या. घोडीला लाकडी खोड्यात उभं करून त्यांनी तपासणी सुरू केली. हात आत, डोळे पडद्यावर. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"लाथा मारणारच," त्या म्हणाल्या. "गाभण आहे ती."

फाटकाबाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कुणीही तिला थांबवायला गेलं नाही. दोन्ही अंगणांत मिळून नर असा एकच होता, आणि तो या क्षणी थोरल्याच्या बादलीतला कोंडा खात होता.

थोरल्याला ते मान्य होईना. मागच्या खेपेला तट्टांचा हंगामच नव्हता, हे तट्टू झोपेत असणार, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. बाई म्हणाल्या की उजेडाने नरही जागे होतात, आणि त्या दिव्याकडे बघत राहिल्या. दिव्याचं तोंड अजून धाकट्याच्या बाजूलाच होतं.

मग थोरल्याने धाकट्याची गचांडी धरली. मध्यस्थाचं डोकं घोडीच्या पोटाशी येतं. एवढंसं जनावर आपलं आपण पोचणं शक्य नाही. तूच त्याला कशावर तरी चढवलंस, असं म्हणून तो त्याला गदागदा हलवू लागला. आता बाईंनाही प्रश्न पडला. हात धुता धुता त्यांनी विचारलं, खरंच, हे पोचलं कसं?

धाकट्याने गचांडी सोडवून घेतली. शर्टाचं बटण तुटलं होतं, ते उचलून खिशात टाकलं.

"दादा, मागे बघ."

मागे बांध होता. ओल्या मातीत उमटून वाळलेले लहान खुरांचे ठसे त्याच्या माथ्यावर अजून स्पष्ट दिसत होते. खाली, थोरल्याच्या बाजूला, अगदी लगत, मोठे ठसे होते. बांध पहिल्याएवढाच राहिला असता तर मध्यस्थ जन्मभर कोरडाच राहिला असता. उंची हातभर कमी पडत होती, आणि तेवढी माती थोरल्याने मागच्या महिन्यात भावावरच्या रागाने स्वतःच्या हातांनी बांधावर टाकली होती.