वहीतला ससाणा

त्या दिवशी निजामाच्या राज्यात फसली साल बदललं. आजूर महिन्याची पहिली तारीख. बसवराज मास्तर उजाडताच बोरीच्या तळ्यावर जाऊन बसले होते. सालभरात तळ्यावर कोणकोणती पाखरं आली याची ते यादी करत, आणि आज नवी वही उघडायची होती. मास्तरांना माणसं कमी आणि पाखरंच जास्त ओळखीची, असं म्हणून गाव हसायचं. पण न पाहिलेलं पाखरू त्यांनी वहीत कधी घेतलं नाही, हेही गावाला ठाऊक होतं.

टिबुकली. खंड्या. चक्रवाकांची एक जोडी, थंडीच्या आधीच आलेली. मग त्यांनी लिहिलं, 'पूर्वेकडच्या लव्हाळ्यात आज एकही पाणकोंबडी नाही. का?'

उत्तर दुर्बिणीत लगेच दिसलं. लव्हाळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात भुजंग उभा होता. त्यांच्याच शाळेत शिकलेला, काल निजामाच्या नाक्यावर तिरंगा लावून पळालेला. सापडला तर त्याचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तेवढ्यात चंद्रभान जमादार दोन शिपाई घेऊन बांधावर आला. तोही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. रिवाजाप्रमाणे आधी वाकून पाया पडला.

"मास्तर, भुजंग हिकडं आलता का?"

"मी पाखरं बघायलोय, बाबा."

जमादारानं वही मागून घेतली आणि सावकाश वाचली. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"का न्हाईत पाणकोंबड्या?"

"ससाणा आलाय. सकाळधरनं घिरट्या घालायलाय."

चंद्रभाननं वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं.

"मंग लिवला का न्हाई?"

मास्तरांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. मग त्यांनी वही घेतली आणि लिहिलं, 'ससाणा, एक.' अक्षर वाकडं आलं. त्यांना लाज वाटली, आणि अशा वेळीही लाज वाटते याचा राग आला.

"तुमी लिवलं म्हंजी खरंच आसंल," जमादार म्हणाला. मास्तरांचा जीव जरा भांड्यात पडला.

जमादारानं शिपायांना खूण केली. एक बांधाच्या या टोकाला जाऊन उभा राहिला, दुसरा त्या टोकाला. तो स्वतः टोपी काढून मास्तरांच्या शेजारी मांडी घालून बसला.

"ससाणा गेला की पाणकोंबड्या आपल्या जागी माघारी येत्यात. तुमीच शिकिवलंत, चौथीत." त्यानं दुर्बीण अदबीनं मास्तरांच्या हातातून घेतली आणि पूर्वेकडे लावली. "त्या आल्या की आमी जातो."

दिवस नुकताच वर आला होता.