मशीन बंद होतं

मशीन बंद होतं. लाल दिवा विझला होता. तरी उमाच्या हातातलं किरण मोजायचं मीटर कटकट करत होतं.

वाळूजच्या त्या कारखान्यात टाक्यांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढायचं काम तिच्याकडं होतं. आजचा हा पहिलाच फोटो. तिनं बटण पुन्हा पाहिलं. मग सरळ केबलच उपसून काढली.

कटकट थांबली नाही.

“मीटर येडं झालं असंल,” दारातून बद्रीनाथ म्हणाला. तो तिचा नवा मदतनीस. इतका वेळ लांबच्या फाटकाशी माणसं अडवत उभा होता, आत्ताच आला होता. “तुम्हीच शिकवलं ना ताई? आत तार तापती, इलेक्ट्रॉन सुटतात, विजेच्या जोरानं टंगस्टनवर आपटतात, तवा किरण निघतात. वीज गेली की किरण खलास. मागं काय बी उरत नाय.”

“हो. काहीच उरत नाही.” तिचा आवाज तिलाच परका वाटला.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. ती मशीनकडं चालत गेली. कटकट मंदावली. ट्यूबपाशी मीटर धरलं, तर आणखी मंद झाली. उमा थबकली. जे काही होतं, ते तिच्या पाठीमागं होतं.

“काय झालं, ताई?” बद्रीनाथ आत येऊ लागला. त्याच्या पावलागणिक आवाज दाट होत गेला. ती वळली, तेव्हा त्यात खंडच उरला नव्हता.

“थांब तिथंच! खिशात काय आहे?”

“काय नाय. बोटाएवढी चकचकीत साखळी हाये. काल आवारात पडली होती.”

काल दुसऱ्या कंत्राटदाराची माणसं गॅमा किरणांनी पाइप तपासून गेली होती. त्यांच्या यंत्रात अशाच साखळीच्या टोकाला किरणोत्सर्गी धातूचा तुकडा असतो.

“हात लावू नको! पँट काढ, तिथंच टाक आणि पळ!” ओरडत ती स्वतः मागच्या दारानं धावली.

शेड रिकामी झाली. फोन झाले. लांब भिंतीशी बद्रीनाथ कुणाचा तरी टॉवेल गुंडाळून बसला होता. मांडीवर लाल चट्टा उठला होता.

“पण ताई, तिला ना वायर, ना बटण. किरण आले कुठून?”

“साखळी म्हणजे मशीन नाही रे. ती कधीच बंद होत नाही.”

बद्रीनाथनं मांडीवरच्या चट्ट्याकडं पाहिलं.

“काल रातभर,” तो म्हणाला, “माझी पोरगी ती साखळी मुठीत धरून झोपली होती.”