शिवणकामाच्या पेजवरचा फोटो

लेकीने दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि ती थेट आईच्या मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

"माझा फोटो तू टाकलास?"

मशीनवरचा पाय थांबला. टाकला होता खरा, कालच, शिवणकामाच्या पेजवर. लेक स्टुलावर उभी, अंगात अर्धवट शिवलेला फ्रॉक, कमरेला टाचण्या. त्यातली एक टोचली तेव्हा वासलेलं तोंड. खाली लिहिलं होतं, 'आमचं सगळ्यात नाजूक गिऱ्हाईक.' एवढं कौतुक पेजवर आजवर कशाचंच झालं नव्हतं.

"वर्गातल्या पोरांनी त्याचं स्टिकर केलंय. सारखं तेच पाठवतात. भोंगा म्हणतात मला."

खिडकीशी बटणं लावत बसलेली आजी हसली. "विसरतील गं दोन दिवसांत! आम्हाला काय कमी चिडवायचे? वर्गात मला शिडी म्हणायचे. मेले का मी?"

"पण अजून लक्षात आहे ना, आई," मशीनवरून सून हळूच म्हणाली.

आजीने दोरा दाताने तोडला.

आईने पेज उघडलं आणि लेकीच्या डोळ्यांसमोर फोटो काढून टाकला.

"आणि पोरांच्या फोनमधले?"

"तिथवर माझा हात नाही पोचत, बाळा. खोटं कशाला सांगू? त्यांच्या आयांपर्यंत पोचतो."

वर्गातल्या आयांच्या ग्रुपसाठी ती फोनवर आवाजी निरोप रेकॉर्ड करू लागली. "लेकीचा तो फोटो मी तिला न विचारता टाकला. चूक माझी आहे. मुलांना रागावू नका. तेवढं स्टिकर मात्र काढून टाकायला सांगा."

मग पाठवायच्या आधी तिने फोन लेकीपुढे धरला. "ऐक. नको वाटलं तर नाही पाठवत."

लेकीने दोनदा ऐकलं. भोंग्याचं नाव कुठे आलं नाही याची खात्री केली आणि स्वतःच बटण दाबलं.

"चार बायकांत नाक कापून घ्यायची हौस तुला!" आजी म्हणाली.

"माझंच नाक आहे, आई. तिचं कापलं तेव्हा मी कुठे विचार केला?"

मशीन पुन्हा सुरू झालं. आजीची सुई मात्र बटणाच्या भोकातच राहिली. थोड्या वेळाने तिने उशीखालून आपला फोन काढला.

"इकडे ये गं. तुझे आंघोळीतले फोटो आहेत माझ्याकडे. बहिणींना पाठवते मी कधीमधी. बघ बाई, यातले कुठले ठेवू?"

लेक तिला खेटून बसली. एकेक फोटो सरकवू लागली. हा नको, हाही नको. एका जुन्या, पिवळट फोटोवर बोट थांबलं. बादलीत बसलेलं उघडंबंब, गुटगुटीत पोर. घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच खुदकन हसली.

"आजी, ही मी नाही. हे बाबा आहेत. त्यांनाच विचार."