खुर्चीभोवतीचा फेर

२३ डिसेंबर, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नाताळची गाणी, म्हणजे कॅरल, गाणारे चौदा गायक रूथबाईंच्या दारात थांबले. एकतीस नाताळ ही मंडळी त्यांनीच घरोघर नेली होती. यंदा खुब्याचे हाड मोडल्याने त्या खुर्चीत होत्या.

“पुढे जा बाबांनो. कॅरल फिरून गायचं असतं. बसून गातात ते रडगाणं!” त्यांनी तोंड वळवले.

मंडळीतल्या, तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या शांतवन सरांना रूथबाईंशिवाय एकही गाणे नको होते. “रूथबाई, जुन्या फ्रेंचमध्ये कॅरल म्हणजे हात धरून, फेर घेत गाणं. नाताळ त्याला नंतर चिकटला. आणि वर्तुळाचा मध्यबिंदू फिरत नसतो.”

“निवृत्त झालात, पण फळा सुटला नाही!” रूथबाईंना हसू फुटले.

चौघांनी खुर्ची अंगणात नेली. फेर सुरू झाला आणि पहिला सूर रूथबाईंनी लावला.

पुढच्या घरी मंडळी एक तास दहा मिनिटे उशिरा पोहोचली.