जुना पिवळा

"एका वाचकासाठी आठ दिवस? मृदुला, वेड लागलंय का तुला?" संपादक वैतागले.

मासिकाची वेबसाइट नव्या पद्धतीने बांधताना तिने सगळ्या रंगांची नावं बदलली होती, आणि सबनीस काकांनी जुन्या नावाने निवडून ठेवलेली थीम मोडली. काळ्यावर पिवळी अक्षरं. त्यांच्या अधू नजरेला तेवढीच दिसायची. "सगळं पांढरं धुकं झालंय गं," काका फोनवर म्हणाले होते.

तिने जुनं एकेक नाव नव्याला जोडलं. आठव्या दिवशी तोच पिवळा उमटला. तपासणीसाठी पानावर एकच ओळ होती: आज आमच्याकडे पाहुणे येणार.

तिने फोन लावला. "दिसतंय का, काका?"

"अगदी पूर्वीसारखं! जिंकलीस पोरी."

"मग वाचा बघू पहिली ओळ."

काकांनी घसा साफ केला. मग निवृत्त मास्तरांच्या खणखणीत आवाजात त्यांनी ओळ म्हटली. ती गेल्या अंकातल्या संपादकीयाची होती, शब्दन् शब्द पाठ.

"बरोबर ना? माझ्यापायी तुझे आठ दिवस गेले गं."

"बरोबर, काका," ती म्हणाली. मग पानावरची पाहुण्यांची ओळ पुसून तिने तिथे ते जुनं संपादकीय चढवलं, काळ्यावर पिवळं.