घोडी अजून बुजते

"आवाज खाली, बाबा," सून म्हणाली. "घोडी ऐकतेय."

चाबुकस्वार अर्ध्या शिवीवर थांबला. जेवणात मीठ जास्त झालं होतं आणि त्यावर त्याला बरंच काही बोलायचं होतं. उरलेली अर्धी शिवी त्याने घासाबरोबर गिळली. स्वयंपाकघराची खिडकी थेट तबेल्यात उघडत होती. जेवतानाही घोड्यांवर नजर राहावी म्हणून ती त्यानेच पाडून घेतली होती. आता ती त्याच्याच मुळावर आली होती.

घोडी आली तीच ट्रकची फळी फोडून. आधीच्या तबेल्यात तिला हाताला लागेल त्याने मारलं होतं. कोणी जरा मोठ्याने बोललं की ती कान पाडायची आणि भिंतीवर दुगाण्या झाडायची. "सुधारली तर ठीक, नाही तर कवडीमोलाने फुंकून टाकतो," असं सांगून मालक निघून गेला. चाबुकस्वार चाबूक घेऊन आत गेला आणि कोटाची बाही घोडीच्या तोंडात सोडून बाहेर आला.

घरातही त्याच दिवशी आवराआवर चालली होती. आदल्या रात्री त्याने ताट भिरकावलं होतं, ते मुलाच्या कानाजवळून गेलं. मुलाने गावाच्या दुसऱ्या टोकाला खोल्या बघितल्या आणि ट्रंका बांधल्या. तेव्हा सून मध्ये पडली. बिथरलेले घोडे वठणीवर आणायचे, तिच्या वडिलांचाही हाच धंदा.

"ही घोडी मी शहाणी करते," ती म्हणाली. "ती झाली की आम्ही जाऊ. पण तोवर या घरात कोणी ओरडायचं नाही, काही आपटायचं नाही आणि कोणाच्या पाठीमागून जायचं नाही."

चाबुकस्वाराने मान डोलावली. त्याच्या फाटकातून एकही घोडा आला तसा परत गेला नव्हता, आणि म्हातारपणी नाक कापून घ्यायची त्याची तयारी नव्हती. शिवाय दुसरा कोटही नव्हता.

सून रोज तबेल्यात जायची, घोडीकडे पाठ करून बसायची आणि शेंगा सोलायची. बस्स. घोडीला वाटलं तर तिने जवळ यावं, हुंगावं, निघून जावं. असं बसून घोडे सुधारत असते तर आपण काय इतकी वर्षं झक मारली, असं चाबुकस्वाराला वाटायचं. पण ते मोठ्याने म्हणायची सोय राहिली नव्हती.

नियम घोडीसाठी होते, पण पाळावे त्याला लागत. खोलीत शिरायच्या आधी तो खाकरू लागला. दार हाताने धरून लावू लागला. हळू आवाजात शिवी दिली की ती विनंतीसारखी ऐकू येते, हा शोध त्याला या वयात लागला, म्हणून त्याने शिव्या कमी केल्या. वर्षानुवर्षं "वाढू का?" याच्यापुढे न गेलेल्या बायकोने एकदा जेवताना, आपले मामा स्वतःच्याच लग्नात कसे झोपी गेले, ते साग्रसंगीत सांगितलं. तो हसला. हळूच हसला. इतका संसार झाला आणि ही बाई गमतीदार आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. मुलगा पूर्वी तो उठल्यावर जेवायचा; आता समोर बसू लागला.

"झाली का शहाणी?" तो सुनेला विचारायचा.

"अजून नाही, बाबा. अजून बुजते."

सुरुवातीला हे उत्तर ऐकून त्याचं डोकं फिरायचं. पुढेपुढे ते ऐकल्याशिवाय त्याला चैन पडेना.

मग एका दुपारी तबेल्यात त्याच्या हातून लोखंडी बादली फरशीवर पडली. छप्पर कोसळावं तसा आवाज झाला. चाबुकस्वाराने डोळे मिटून घेतले आणि लाथांची वाट पाहिली. काहीच झालं नाही. घोडी गवत चघळत होती. खात्री करायला त्याने बादली पुन्हा पाडली. घोडीने एक कान वळवला आणि परत जागेवर आणला.

स्वयंपाकघरातलं बोलणं मात्र बंद पडलं होतं. त्याने खिडकीतून पाहिलं. बायको भिंतीला टेकली होती, आमटीचा डाव छातीशी घट्ट धरून. मुलगा ताट सोडून उभा राहिला होता. असे बुजलेले घोडे चाबुकस्वाराने आयुष्यभर पाहिले होते.

"हातून पडली," तो हळू आवाजात म्हणाला. "मी कोणावर चिडलो नाहीये."

डाव खाली यायला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात त्याला इतकी लाज वाटली, की घोडी बरी झाली याचा आनंद करायचं राहूनच गेलं. मग घोडी बरी झाली याचा अर्थ लक्षात आला: आता मुलगा-सून जाणार. कोपऱ्यातल्या ट्रंका अजून बांधलेल्याच होत्या.

संध्याकाळी घोडीचा मालक फाटकाशी येऊन उभा राहिला. "काय, झाली का शहाणी?"

चाबुकस्वाराने उभ्या जन्मात कुठल्या मालकापुढे हार कबूल केली नव्हती. त्याने घसा साफ केला.

"नाही जमलं," तो म्हणाला. "अजून बुजते. वेळ लागेल."

मालक त्याच्याकडे बघतच राहिला.

"अहो, असं काय करताय? ती केव्हाच शहाणी झाली. सूनबाईंनीच येऊन सांगितलं मला. म्हणाल्या, इतक्यात नेऊ नका, बाबांना अजून थोडा वेळ लागेल."