पंचवीस मिलिमीटर

"बाबा, पंचवीस!" टेसी फोनवर एवढ्या जोरात किंचाळली, की लायलच्या घोड्यानंही कान टवकारले.

लायलनं वर पाहिलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. ऑस्ट्रेलियाच्या अख्ख्या पश्चिम क्वीन्सलँडवर औषधालाही ढग नाही, असं काल संध्याकाळीच रेडिओवर सांगितलं होतं. घर इथून साडेतीनशे किलोमीटर. तिथे एका रात्रीत पंचवीस मिलिमीटर पाऊस?

"नीट बघितलंस का गं?"

"नीटच! आईनं पाऊस मोजायची नळी हातात दिली आणि मी एकटीनं वाचलं. अंगण कोरडं आहे, पण आकडा पंचवीसच आहे. आता ये घरी. तूच म्हणाला होतास."

म्हणाला होता खरा. आठ महिन्यांपूर्वी कुरणात काडी उरली नाही, तेव्हा चारशे गाई घेऊन तो रस्त्याकडेचं गवत चारत निघाला. दुष्काळात इथले सगळेच निघतात. गुरं हाकायच्या सरकारी वाटेचा नियम असा, की रोज दहा किलोमीटर पुढे सरकायचंच, एका जागी तळ ठोकायचा नाही. वाट वळसे घेत जाते, पण घराकडे काही वळत नाही. निघताना पोरगी पायाला मिठी मारून बसली. तिला सोडवायला त्यानं सांगून टाकलं, की घरी पंचवीस मिलिमीटर पडला की त्याच दिवशी परत निघेन. बायको मात्र खांबासारखी उभी होती. "आमची काळजी करू नकोस, गुरं सांभाळ," एवढंच नेरिडा म्हणाली. आठ महिन्यांत दुसरं काही म्हणालीच नाही.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला फोन. आधी आकडा, मग बाकीचं. आकडा शून्यच. शून्य, आणि टेसीचा पहिला दात पडला. शून्य, आणि टेसी कुणी न धरता सायकल चालवायला लागली. शून्य, आणि टेसीनं शाळेच्या वहीवर आपलं नाव लिहिलं, एक अक्षर उलटं. लायल फोनवर मोठ्यानं हसायचा. फोन ठेवला की घोड्याच्या आड तोंड लपवून उभा राहायचा. एवढा दांडगा गडी, पण त्या पडलेल्या दातासाठी त्याचा जीव अक्षरशः तुटायचा.

हे सगळं घरच्या पावसाच्या वहीत लिहिलं जायचं. ती वही लायलच्या आजोबांनी सुरू केली. रोजचा आकडा, आणि शेजारी पोराबाळांचं काही नवल असेल तर तेही. टेसी जन्मली त्या पानावर एकशे बारा आहेत. ओढ्याला पूर आला होता आणि दाई ट्रॅक्टरवर बसून आली होती. पुढे पहिलं पाऊल, शून्य. पहिला शब्द, शून्य. या मुलखात पावसाचा खोटा आकडा लिहिणं म्हणजे चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलण्यापेक्षा वाईट. शेजारच्या एकानं फुशारकीपोटी दोन मिलिमीटर वाढवून सांगितले होते. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, पण त्याच्या नातवालाही लोक 'दोन मिलिमीटर'च म्हणतात. आणि नेरिडा तर या बाबतीत सगळ्यांवर कडी. एकदा लायलनं साडेतीनचे चार केले, तर तिनं त्याच्यादेखत खोडून साडेतीन केले होते.

लायलला आधी हसूच आलं. आईच्या आधी उठून कारटीनं नळीत पाणी ओतलं असणार. सहा वर्षांची पोर, काय डोकं चालवलं! मग हसू ओसरलं. बापानं घरी यावं म्हणून लेकराला लबाडी करावी लागते, मग तो बाप कसला?

त्याच्यासोबत गुरं हाकणारा म्हातारा क्लॅरी शेजारीच शेकोटीवर चहा उकळत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"जा की बाबा घरी," तो म्हणाला. "आठवडाभर मी हाकतो. गाईंना तुझं थोबाड बघायची काही हौस नाही."

"वाटेत गुरं टाकून जाणारा मी नव्हे," लायल म्हणाला. हे त्यानं क्लॅरीला आजवर दहा वेळा ऐकवलं होतं. नेरिडालाही ते पटतं, अशी त्याची खात्री होती. मग तो फोनमध्ये म्हणाला, "टेसी, आईला दे बरं."

नेरिडानं फोन घेतला.

"हे बघ, तिला रागावू नकोस," लायल हलक्या आवाजात म्हणाला. "लहान आहे. मला बोलवायला ओतलं असेल पाणी. मी समजावतो तिला. तू वहीत शून्यच लिही."

"पंचवीस लिहिलेत मी."

"काय?"

"शाईनं लिहिलेत. खोडायचे नाहीत."

लायल चक्रावला. "अगं, आजोबांची वही आहे ती! पोरीच्या चुकीवर पांघरूण घालायचं म्हणून तू..."

"पोरीला मध्ये आणू नकोस, लायल. ती झोपली होती." नेरिडाचा आवाज एकदम फुटला. "पाणी मी ओतलं."